रुसलेली केरिस

केरिस म्यानातून निघेना.

थोरल्या काकांनी, कार्तोनोंनी, पहिल्यांदा ओढली ती रीतीप्रमाणे, डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत पुटपुटत. दुसऱ्यांदा डोळे उघडे ठेवून. तिसऱ्यांदा पाय रोवून. पाच पिढ्यांची ती नागमोडी कट्यार जागची हलली नाही.

अंगणात चटईवर पांढरं कापड अंथरलं होतं. सुरो या जावानीज वर्षाच्या पहिल्या महिन्यात धुवायच्या घराण्याच्या वस्तू त्यावर ओळीने मांडल्या होत्या. भाल्याचं पातं, पितळी पानडबा आणि शेवटी सायकलचा दिवा. नुसता दिवा. बाबा होते तोवर त्या जागी अख्खी सायकल उभी असायची, डच लोकांच्या काळातली, काळी, उंच. केरिस धुतलेल्या पाण्यानेच ते तिची चाकं पुसायचे. गेल्या कापणीच्या वेळी थोरला मुलगा सुगेंग ती घेऊन बाजारात गेला आणि चालत परत आला. चोरीला गेली म्हणाला. पुढच्याच महिन्यात त्याच्या दारात मोटारसायकल उभी राहिली. त्याची बहीण रुमिनी फाट्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायची. दिवा वाचला तो तिच्याकडे दुरुस्तीला होता म्हणून. तिने चोरी आणि मोटारसायकल या दोन गोष्टी मनात शेजारी शेजारी मांडून ठेवल्या होत्या. बेरीज तोंडाने कधी केली नव्हती. सायकल परत यावी एवढंच तिला हवं होतं.

"रुसलीय," काका घाम पुसत म्हणाले. "या घरात कुणीतरी काहीतरी लपवलंय. ते बोलल्याशिवाय ही बाहेर यायची नाही."

धुतलेलं पाणी शेतात शिंपडायला न्यायचं म्हणून शेजारीपाजारी बाटल्या घेऊन आले होते. जो तो आपापली पापं चाचपू लागला, आणि हाताला लागली त्यातलं सगळ्यात लहान कुठलं ते निवडू लागला.

सुगेंगची बायको लास्त्री आधी बोलली. "तीन शुक्रवार मी हिला फुलं वाहिली नाहीत. बाळाला दात येत होते."

काकांनी ओढली. नाही.

शेजारचा तुकिमिन खाकरला. "गेल्या वर्षीचं पाणी मी शेताला नाही घातलं. झुंजीच्या कोंबड्याला पाजलं."

"मग? जिंकला का?"

"पळाला. अजून सापडला नाही."

हशा पिकला. काकांनी ओढली. नाही.

"माझंही सांगते," आई म्हणाली. "ह्यांच्या फोटोपुढे रोज चहा ठेवते ना, तो बिनसाखरेचा असतो. जिवंतपणी डॉक्टरचं कधी ऐकलं नाही. म्हटलं, आता तरी."

तरीही नाही.

रुमिनी म्यानाच्या तोंडाकडे बघत होती. तिथे एक तांबूस कड दिसत होती. सीटचा दांडा गंजून सांगाड्यात अडकतो तेव्हा अशीच कड धरते. दोन थेंब तेल, थोडा दम, हलकी टपली, जरासा पीळ. तिच्या दुकानात आठवड्याला तीन-चार तरी असे दांडे यायचे. काकांनी पहिल्यांदा ओढली तेव्हाच तिने ओळखलं होतं. तेलाची कुपी तिच्या खिशातच होती. तिने खिशावर हात ठेवला आणि भावाकडे बघत राहिली.

हळूहळू सगळेच बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघता?" सुगेंग म्हणाला. "दमट हवेनं म्यान फुगलं असेल."

काकांनी केरिस त्याच्या हातात दिली. "मग तूच ओढ."

त्याने मूठ धरली, पण ओढेना.

"ओढ की, दादा," रुमिनी म्हणाली. "तुझ्या पोटात काही नाही ना?"

सुगेंगने ओळीच्या शेवटच्या दिव्याकडे पाहिलं. "चोरीला नाही गेली," तो म्हणाला. "मागेलांगच्या एकाला दिली. जुन्या सायकली जमवतो तो. मोटारसायकलच्या बदल्यात."



"चालवतो तरी का?" आईने विचारलं.

"नाही. काचेमागं ठेवलीय. दिवा नाही म्हणून भेटला की कुरकुरतो."

"बदल्यात दिलीस, बदल्यात आण. उद्याच."

सुगेंगने बायकोकडे पाहिलं. लास्त्रीने जमिनीकडे पाहिलं.

"आणतो," तो म्हणाला, आणि डोळे मिटून जोर लावून ओढली.

केरिस हलली नाही. सुगेंगचा चेहरा असा झाला, जणू भर बाजारात कपडे उतरवावेत आणि आंघोळीला पाणीच नसावं.

"आणखी काही आहे का रे?" काकांनी हळूच विचारलं.

"नाही हो काका, शपथ!"

"द्या इकडे," रुमिनी म्हणाली आणि तिने कुपी काढली.

"सायकलचं तेल? केरिसला?"

"सायकलसुद्धा याच ओळीत बसायची, काका."

दोन थेंब. मग एक पान चघळून होईल इतका वेळ. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने एक टपली, जरासा पीळ. केरिस बाहेर आली आणि पांढऱ्या कापडावर तपकिरी भुगा सांडला.

"बघा! सायकलचं कबूल केलं आणि निघाली!" तुकिमिन ओरडला. "मी म्हटलं नव्हतं?" म्हणत काका पातं घासण्यासाठी लिंबं कापायला बसले. सुगेंगने मोटारसायकल अंगणात आणली आणि फडकं घेऊन पुसायला लागला. परत द्यायची वस्तू मळकी कशी न्यायची?

आई आत फोटोसाठी चहा करत होती. रुमिनी कप घ्यायला आली.

"ती कुपी खिशात कधीपासून होती गं?"

"सकाळपासून."

आई चहा ढवळत राहिली. "म्हणजे मोठे भाऊजी बरोबरच म्हणाले. कुणीतरी लपवलंच होतं."

आणि तिने फोटोपुढच्या कपात साखरेचा दुसरा चमचा टाकला.