गरिबाचा कोपरा

"हात नको लावूस तानुबाई! पादरीसाहेबांना बघू दे आधी, मग सगळा कोपरा तुझाच हाय," चंद्रभान मास्तर बांधावरूनच ओरडला.

तानुबाईनं कणसाला घातलेला हात काढून घेतला. गंगाखेडच्या अलीकडच्या त्या गावात मिशनचं सात एकर रान होतं. मास्तर म्हणजे मिशनचा उपदेशक. रविवारी शास्त्र वाचायचा आणि एरवी हे रान कसायचा. यंदाची ज्वारी निघाली, खळं झालं, कडबा रचून झाला. उगवतीचा एक कोपरा तेवढा उभा होता. शेताचे कोपरे कापू नयेत, ते गोरगरिबांना ठेवावेत, असं शास्त्रात सांगितलंय. चंद्रभान हे दरसाल मोठ्या आवाजात वाचायचा आणि दरसाल कोपऱ्यासकट रान साफ करायचा. गेल्या साली जुन्या पादरीसाहेबांनी नेमकं तेच पाहिलं आणि चारचौघांत त्याची अब्रू काढली. आता नवे साहेब येणार होते. नोकरी टिकायची तर कोपरा उभा दिसायला हवा होता.

तानुबाईला एकेकाळी असल्या कोपऱ्याची गरजच नव्हती. सुगी सरली की कुणाच्याही रानात शिरावं, सांडलेली कणसं वेचावीत, पदर भरून सरवा घरी न्यावा. कुणी हटकायचं नाही. पण तिनं आणि सासूनं बाप्तिस्मा घेतला, आणि माणिकराव पाटलानं तिला बांधावरच अडवलं. "आता तुमचा देव येगळा, मग सरवाबी येगळा. जा तुमच्या मास्तरकडं!" घ्या! नवरा आधीच मेलेला, घरात आंधळी सासू मनकर्णा. तिच्या पोटात घालायचं काय?

साहेब सोमवारी येणार होते, आले नाहीत. पुढच्या सोमवारी येतो, असा निरोप आला. इकडं उभ्या कणसांवर पाखरांची धाड पडायला लागली. मास्तरचा जीव खालीवर व्हायला लागला. शेवटी त्यानं तानुबाईच्याच हातात गोफण दिली. "माल तुझा हाय, तूच राख." बोलण्यात खोट काढायला जागा आहे का, सांगा! दिवसभर रानात उभं राहायचं म्हणजे मजुरी बुडाली. तानुबाई पाखरं हाकत राहिली आणि म्हातारी घरात भाजलेले चिंचोके चघळत पडून राहिली. दुसराही सोमवार तसाच गेला.

त्या आठवड्यात ती मास्तरच्या दारात येऊन उभी राहिली.

"मास्तर, म्हातारी उठंना झालीय. पेजंपुरती चार कणसं तोडू का?"

"तोडलेलं लगेच दिसतंय गं. साहेब म्हणतील, मास्तरनंच खाल्लं."

"मग तुमच्या घरातले दोन पसे द्या."

चंद्रभानच्या घरातलं बळद ज्वारीनं गच्च भरलेलं होतं. माणूस काही अगदीच दगड नव्हता; त्याच्या मनात आलंसुद्धा, द्यावी पसाभर. पण एकीला दिली की उद्या सगळी वस्ती दारात उभी राहणार. "अगं, तुझा वाटा रानात उभा हाय की!" तो म्हणाला. "ज्याचं कुटंच काय न्हाई, त्यानं मागावं. तू कशाला हात पसरायलीस?"

ती गेली. त्या दिवशीच्या प्रार्थनेत मात्र मास्तरनं मनकर्णाचं नाव आठवणीनं घेतलं.

तिसऱ्या सोमवारी साहेब खरंच आले. मास्तर आदल्या दिवशी रविवारचं शास्त्र सकाळीच उरकून, दमणी जुंपून गंगाखेडच्या स्टेशनावर जाऊन बसला होता. साहेब तरणेबांड, उन्हानं लालबुंद झालेले, मराठी येत होती ती प्रार्थनेपुरती. दमणी थेट रानात आली. साहेब उतरले आणि जागच्या जागी थांबले. सगळं रान मोकळं, आणि एका कोपऱ्यात पिवळीधमक ज्वारी, भरलेली कणसं, एकावरही चोच पडलेली नाही. शेजारी गोफण घेतलेली एक वाळलेली बाई.

साहेबांनी टोपी काढली. त्यांचे डोळे भरून आले होते. "शास्त्रातला शब्द असा शेतात उभा मी आज पहिल्यांदा पाहतोय," ते इंग्रजीत म्हणाले. "मी आजच वर पत्र लिहितो. पुढच्या सालापासून आसपासच्या साऱ्या गावांचं काम तुम्हीच बघा."

मिशनच्या बोर्डिंगात शिकलेल्या इंग्रजीचं मास्तरच्या आयुष्यात इतकं सोनं कधी झालं नव्हतं.

"आणि ही बाई?"

"हिचाच कोपरा, साहेब. हिनंच राखला."

साहेब तानुबाईच्या जवळ गेले. "तिला विचारा, आणखी काय हवंय? मी देईन."

मास्तरनं विचारलं. तानुबाईनं साहेबांकडं पाहिलं. रडली नाही, आवाजही चढला नाही.

"म्हातारी काल दुपारी गेली. मी हितं पाखरं हाकायलते. घरी जाऊन बघते तर मुंग्या लागल्यात. तुमच्याकडं पळत आले तर तुमी स्टेशनाला गेल्याले. तुमच्या मालकीनबाई म्हनल्या, साहेब येऊस्तर रान सोडू नगंस. म्हातारी तशीच पडून हाय, मास्तर. साहेबाला म्हनावं, माती द्यायला चार मानसं द्या."

चंद्रभाननं कोपऱ्याकडं पाहिलं, मग साहेबांच्या ओल्या डोळ्यांकडं.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

"म्हणते," मास्तरनं हात जोडले, "देवाच्या कृपेनं आता आमच्या घरात कुणी उपाशी नाही."