टेबलाखालची जागा

“पेशंटला विचारा, सुईला घाबरतो का,” वहिनी डॉक्टरांना म्हणाली.

पेशंट तिच्यापासून हातभर अंतरावर टेबलावर आडवा पडला होता. तिचा धाकटा दीर. दोघं राहत होती एकाच घरात, पण दोन वर्षांत ती त्याच्याशी चकार शब्द बोलली नव्हती. जे काय असेल ते तिसऱ्याच्या तोंडून. आज तिसरे म्हणजे भुलीचे डॉक्टर.

“सुईला नाही घाबरत,” दीरही डॉक्टरांनाच म्हणाला. “खालचं स्टूल तेवढं काढा.”

नर्सनं टेबलाच्या डाव्या बाजूचं स्टूल उचलून भिंतीशी नेलं. मागच्या दोन्ही खेपांनाही त्यानं ते काढायला लावलं होतं. डाव्या काठाला अगदी टोकाशी सरकून झोपला होता, आणि डॉक्टरांनी सुई हातात घेतली की उठून चालू लागला होता. म्हणून या खेपेला त्यांनी वहिनीलाच आत, दाराच्या वाटेवर बसवलं होतं.

तो इमारती रंगवायचा. डावा हात कोपराच्या वरपासून कापलेला. आणि दुखायचा नेमका तोच, नसलेला हात. मूठ आवळलेली, नखं तळव्यात रुतलेली, अष्टौप्रहर. झोपेत तो असा ओरडायचा की शेजारी दिवे लागायचे.

यात डॉक्टरांना नवल नव्हतं. वीस वर्षांत त्यांनी नसलेले पाय खाजताना पाहिले होते, नसलेली बोटं गारठताना पाहिली होती. “हात गेला तरी हाताची तार चालू राहते,” ते समजावून सांगत. “मी मानेशी औषध सोडतो. तार काही तास झोपते, मूठ सैल पडते.” नवल त्यांना वाटायचं ते रंगाऱ्याच्या खांद्याचं. हात गेलेल्या माणसाचा खांदा हलका होऊन वर चढतो. याचा डावा खांदा चार बोटं खाली होता, भरलेली बादली धरल्यासारखा.

हकिकत वहिनीनं पहिल्याच भेटीत सांगितली होती, तीही दिराच्या देखत. दोघे भाऊ नवव्या मजल्याशी परांचीवर काम करत होते. फळी मोडली. धाकट्याचा दंड लोखंडी नळ्यांच्या बेचक्यात अडकला आणि थोरला त्याच्या हाताला लोंबकळला. माणसं पोचली तेव्हा धाकटा बेशुद्ध होता, हाताचा चेंदामेंदा झालेला, आणि थोरला खाली. मधलं कुणीच पाहिलं नव्हतं.

“पेशंटचा हात तर वरच होता ना?” तिनं डॉक्टरांना विचारलं होतं. “मग माझा माणूस सुटला कसा?”

रंगारी फरशीकडे बघत राहिला होता.

आज मात्र तो उठला नाही. उठून जाणार कुठे? वाटेत वहिनी होती. सोनोग्राफीच्या मशीनच्या पडद्यावर मानेतल्या नसा दिसल्या, एकाखाली एक तीन काळे ठिपके. सुई त्यांच्याशी जाऊन थांबली. औषध भोवती पसरलं.

“झालं,” डॉक्टर म्हणाले. “आता वाट बघायची.”

दहा मिनिटं गेली. मशीनचा पंखा घुमत होता.

“गरम वाटतंय,” रंगारी म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, “अंगठा सुटला.”

डॉक्टर खूश झाले. हे ऐकायचा त्यांना कधी कंटाळा आला नव्हता. “बघा! आता एकेक करून सगळी बोटं सुटतील.”

रंगाऱ्यानं उजव्या हातानं आपला डावा खांदा गच्च धरला.

“डॉक्टर, औषध परत काढा.”

“टोचलेलं औषध परत निघत नसतं. का? दुखतंय का?”

“दुखायचं थांबलंय!” तो ओरडला. “काढा म्हणतोय ना! नुसती करंगळी राहिलीय. दादा पडेल!”

डॉक्टरांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. पुसून लख्ख केलेली फरशी, बाकी काही नाही. तरी त्या बाजूला पाऊल टाकायला त्यांचा पाय उचलेना. या माणसाला बरं व्हायचंच नव्हतं, हे त्यांना आत्ता कळत होतं, औषध टोचून झाल्यावर.

वहिनी उठली. दोन वर्षं ती जे विचारत होती, त्याचं उत्तर तिच्यासमोर घामाघूम होऊन पडलं होतं. ती टेबलाला वळसा घालून डावीकडे आली. स्टूल होतं तिथे गुडघे टेकून बसली आणि काठाखालच्या रिकाम्या जागेत तिनं दोन्ही हात पुढे केले.

“अजून खाली,” रंगारी पुटपुटला.

तिनं हात खाली घेतले. ओंजळ जवळ आणली. बोटं मिटली.

“सोडा, भाऊजी,” ती म्हणाली. “मी धरलंय ह्यांना.”

रंगाऱ्यानं डोळे मिटले. त्याचा डावा खांदा हळूहळू वर आला, उजव्याच्या बरोबरीला. आणि वहिनीचे दोन्ही हात हिसका बसून खाली ओढले गेले.