हेळव्याची साक्ष

गुरप्पा हेळवी बैलावर बसून दारात आला, तसं ऋतुजानं चार वर्षांच्या मल्हारला चटकन कडेवर उचललं.

"मारका न्हाय ओ बैल," गुरप्पा हसला.

"असू दे. हाच फार वळवळ्या आहे."

सोलापुरातल्या त्या बोळात बैल शिरलेला बघून शेजारच्या गॅलऱ्या भरल्या. घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवणारी ही हेळवी माणसं. सासऱ्यांचा, हरिबांचा, हेळव्याच्या शब्दावर देवाइतका भरवसा.

नणंदेची, सृष्टीची, उद्या सांगोल्यात सुपारी फुटायची होती. ऋतुजानंच सुचवलं होतं, "मामा, आधी हेळव्याकडून दोन्ही घराण्यांची वेल काढून घेऊ. मागनं कुणी बोट ठेवायला नको." हरिबा खूश झाले होते. शिकलेली सून, पण रीत जाणणारी.

सृष्टी दाराआड उभी होती. नर्सिंगचं दुसरं वर्ष. लग्नानंतर कॉलेज बंद, असं पाव्हण्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

"डाळिंबाची बाग हाय त्येंची," सासूबाई मायाक्का गॅलरीतल्या बायकांना ऐकवत होत्या. "पोरगी राणीवानी ऱ्हाईल." आठवडाभर त्या अशाच हौसेत होत्या. परवा ऋतुजा मल्हारला सुई टोचायला कुंभारीच्या दवाखान्यात निघाली, तर त्यांनी नातवाच्या रुमालात गुळाचा हा एवढा खडा बांधून दिला होता.

गुरप्पानं डोळे मिटले. बाप, आजा, पणजा. एकेक नाव येईल तशी हरिबांची मान डोलत होती. ऋतुजाचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. मल्हार खाली उतरायला धडपडत होता. तिनं त्याला आणखीच घट्ट धरलं.

"सिदाप्पाला दोन ल्योक. थोरला हरिबाचा पणजा. धाकटा सांगोल्याला दत्तक गेला, आडनाव बदललं." गुरप्पानं डोळे उघडले. "तुमचा नवरदेव त्येच्याच वेलीवरचा."

"म्हंजी आमचीच भावकी?"

"व्हय. पोरं भाऊ-बहीण लागत्यात."

हरिबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. थोड्या वेळानं फोन मागवला आणि तिथूनच सांगोल्याला नकार कळवला. मायाक्कांनी पदर डोळ्याला लावला. हरिबा मान खाली घालून आत गेले.

गुरप्पानं दाराकडे पाहिलं. "काय शिकतीस गं?"

"नर्सिंग."

"शीक की मग."

मायाक्का सूपभर ज्वारी घेऊन आल्या. ऋतुजाचा हात सैल पडला आणि तेवढ्यात मल्हार निसटून थेट बैलाच्या तोंडापाशी गेला.

"शंभू, आज गूळ नाही," रिकामे हात दाखवत तो खणखणीत आवाजात म्हणाला. "आई, परवा आपण शंभूकडंच गेलो होतो ना? डॉक्टरकडं नव्हतो गेलो."

ऋतुजानं चटकन आतल्या दाराकडे पाहिलं.

मायाक्का झोळीत ज्वारी ओतत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हळू बोल रं, आजा ऐकंल," त्या म्हणाल्या. "परवा दिल्याला गूळ पुरला का शंभूला?"