टाकीवरचा लेख

वसतिगृहाच्या टाकीत शेवाळं साचलं होतं आणि विद्यार्थी-वृत्तपत्राच्या संपादिकेची रूममेट बिचारी काविळीनं अंथरुणाला खिळली होती. अंक छापण्याआधी कुलगुरूंना दाखवायची पद्धत होती. टाकीवरच्या लेखावर त्यांनी लाल पेनानं फुली मारली.

"'कुलगुरूंनी हे पाणी एकदा पिऊन दाखवावं' म्हणे! कुणी शिकवला गं हा आगाऊपणा?"

"तुम्हीच, सर. तुम्ही संपादक होतात तेव्हाचा तुमचा लेख आहे. मी फक्त तारीख बदलली."

कुलगुरूंनी लेख पुन्हा वाचला. चेहरा उजळला.

"काय झकास लिहायचो मी!"

"मग छापू ना, सर?"

"छे गं! तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हा ते पाणी मला प्यावं लागत होतं."