सिबिलाचा कँटाटा

"हे फार पटकन संपतंय," उशीला टेकून बसलेली सिबिला म्हणाली. "मरणाला एवढी घाई कसली? थोडं लांबवा की."

बाल्टाझार क्रेलने क्लाव्हिकॉर्डच्या पट्ट्यांवरचे हात उचलले. "ओबोला आणखी एक फेरी देतो."

"द्या. आणि त्या श्टेफानला सांगा, ओबो फुंकायचाय, बिअर ढोसून येऊ नकोस. माझ्या मरणात उचक्या नकोत."

तो हसला. तीही हसली आणि खोकल्याची ढास लागली. रुमाल तिने पटकन मुठीत लपवला. त्यावरचं रक्त त्याला दिसलं होतं, पण तो पुन्हा पट्ट्यांकडे वळला.

क्रेल आल्टेनरोडाच्या चर्चचा कँटर होता. गायक-वादकांना तयार करायचं आणि रविवारी बायबलचा जो पाठ असेल त्यावर कँटाटा, म्हणजे वाद्यांच्या साथीचं चर्चगीत, रचून त्यांच्याकडून गाऊन घ्यायचा, हे त्याचं काम. पण एका हिवाळ्यात देवीच्या साथीत त्याची तिन्ही मुलं गेली. त्यानंतर त्याने नवं काही रचलंच नाही. जुनंच वाजवायचा. गावात कुणी त्याला त्याबद्दल बोललं नाही.

या उन्हाळ्यात वैद्याने सिबिलाच्या छातीला कान लावला, आणि औषध न देताच टोपी डोक्यावर चढवली. तो गेल्यावर तिने नवऱ्याला जवळ बसवलं.

"नाईनच्या विधवेचा रविवार येतोय. येशू तिच्या मेलेल्या मुलाला उठवतो, तो. त्या दिवसासाठी नवा कँटाटा लिहा. आनंदाने मरणाऱ्या माणसाचा. मला तो ऐकून जायचंय."

"त्याच रविवारचा?"

"त्याचाच. मुलं तिकडे वाट बघतायत. मी काय रडत जाऊ?"

त्याला नाही म्हणवेना.

पदं पाद्री विंकलरने लिहून दिली. महिनाभराने क्रेल त्याच्या घरी गेला आणि अंगावरचा कोट न काढताच बोलू लागला.

"ये मरणा, तूच माझ्या घराचं दार, असं तुम्ही लिहिलंय. मी त्याला चालही लावली. पण पाद्रीबाबा, मला यातलं अक्षरही खरं वाटत नाही. धाकटीवर माती लोटली तेव्हाच ते संपलं."

 विंकलरने विचारलं, "सोडून द्यायचं का?"

"नाही. तिचा विश्वास आहे ना! मी डळमळलेला दिसलो तर तिचा धीर सुटेल. मरताना तिला मी एवढंच देऊ शकतो."

रविवारी शेजाऱ्यांनी सिबिलाला खुर्चीसकट उचलून चर्चमध्ये आणलं. आजारपणात रात्री तिच्यापाशी निजणारी तिची बहीण उर्सुला तिचा हात धरून बसली. गावचा खाटीक लोरेन्झ खर्जात गायला उभा राहिला. रोज दुकानात खेकसणारा तो माणूस त्या दिवशी असा गायला, की पुढच्या बाकांवरच्या बायकांनी रुमाल डोळ्यांना लावले. श्टेफान शुद्धीत होता. त्याचा ओबो लोरेन्झच्या आवाजाभोवती फिरत राहिला, जातो जातो म्हणत जाईना.

वरच्या सज्ज्यातून क्रेलने बायकोकडे पाहिलं. डोळे मिटलेले, चेहरा वर उचललेला, ओठ हलत होते. उर्सुलाचा हात तिने इतका घट्ट आवळला होता, की उर्सुलाने ओठ चावला. काय ही श्रद्धा, असं त्याला वाटलं. त्याला तिचा हेवा वाटला. इतक्या जवळ असून ती त्याला न दिसणाऱ्या कुठल्यातरी गावी पोचली होती. शेवटचं स्तोत्र सगळ्या चर्चने उभं राहून म्हटलं. तो मात्र नुसता तालाचा हात हलवत राहिला. 

त्याच आठवड्यात, लख्ख सकाळी, ती गेली. तिने ते गाणं पुन्हा म्हणायला सांगितलं होतं. तो म्हणत होता आणि ती त्याच्याकडे बघून हसत होती. गाणं संपल्यावरही ती तशीच हसत होती.

दफन करून लोक पांगले. उर्सुलाने त्याच्यापुढे बिअरचं गरम सूप ठेवलं. त्याने वाडगा दूर सारला.

"उर्सुला, तिला फसवलं गं मी. त्या गाण्यातलं मला काहीच पटत नव्हतं. देव नाही, मुलं नाहीत, तिकडे काही नाही, असंच वाटायचं. तिच्यासाठी सोंग केलं. पण ती तरी शांतपणे गेली ना?"

उर्सुला स्वयंपाकघराकडे निघाली होती. ती थांबली. परत येऊन त्याच्यासमोर बसली. 

"भावोजी, रोज रात्री ती मला बिलगून थरथरायची. आणि एकच सांगायची, 'यांना कळू देऊ नकोस गं. माझा कशावरच विश्वास उरला नाही. पण यांचा आहे ना, त्याच्या आधाराने माझ्यामागे हे जगतील.'"