चारचा गजर

शिवाप्पांचा देह लिंगायत रीतीप्रमाणे समाधीच्या खड्ड्यात बसवला. मुलानं, सोमशेखरनं, मातीची पहिली मूठ उचलली आणि आतून आवाज आला. टिट टिट. टिट टिट.

सगळे जागच्या जागी थिजले.

"अप्पांचा हात हलला की!" कुणीतरी ओरडलं.

"घड्याळ ऱ्हायलंय हातात," विधी करणारे स्वामी म्हणाले. "काढा आधी."

सोमशेखर खड्ड्यात उतरला. गेल्या वर्षी त्यानंच बेंगळूरहून गडहिंग्लजला पाठवलेलं स्पोर्ट्स वॉच होतं ते. त्यानं एकेक बटण दाबलं. दिवा लागला, स्टॉपवॉच पळायला लागलं, तेव्हा कुठं गजर थांबला. भस्म फासलेलं गार मनगट अजून त्याच्या मुठीत होतं.

"चारला कसला रं गजर?" काकांनी वरून विचारलं.

"पहाटं फिरायला जायचा असंल," तो पुटपुटला. "दुपारचा लावून बसले. अप्पांना कुठलं जमतंय ह्यातलं!"

खड्ड्याच्या काठावर बसलेली त्याची आई, अव्वा, पहिल्यांदाच बोलली.

"चुकलं न्हाय त्यांचं. दुपारी चारला फोन करतो म्हणालतास न्हवं तू? वार सांगितला न्हाईस. मग रोजचा लावला त्यांनी."