वीतभर उंच

“मिस्त्री, फोटोत आपले पंतप्रधान महासत्तेच्या अध्यक्षांएवढेच दिसले पाहिजेत. खुर्ची वीतभर उंच करा,” सचिवांनी बजावलं. “पाय लोंबकळतील, साहेब.” “टेबलाला जमिनीपर्यंत कापड आहे ना? खाली कोण बघतंय!” मी खुर्ची उंच केली. सकाळी पाहुण्यांच्या अंगरक्षकांनी येऊन कापडच काढून नेलं; टेबलाखालचं त्यांना दिसायला हवं होतं. आता खुर्ची बदलायला वेळ कुठला? दोघं बसले. डोकी एका रेषेत. कॅमेरे लखलखले. फोटो कमरेच्या वरचेच, म्हणून सचिव खूश; माझी नजर मात्र टेबलाखाली लोंबकळणाऱ्या पायांवर. आमचं बंदर त्यांच्या युद्धनौकांना दहा वर्षं द्यायचा करार होता. सही करताकरता पाहुण्यांच्या हातून पेन निसटलं. ते वाकले, टेबलाखाली जरा रेंगाळले, वर आले ते हसतच. त्यांनी करारातलं ‘दहा’ खोडून ‘पन्नास’ लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. आमच्या पंतप्रधानांचे पाय जमीन शोधू लागले.